थोमा : ‘संशयी’ म्हणून ओळखला गेलेला प्रेषित आणि मैलापूरची माती

किनारा | २० जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे सहा वर्षं चेन्नईत आहे, मैलापूरला. घरापासून चालत निघालं की आधी कपालीश्वराचं देऊळ लागतं आणि तसंच समुद्राकडे गेलं की सान्तोमचं पांढरंशुभ्र चर्च. रोज सकाळी त्याच्या उंच मनोऱ्याच्या सावलीतून जायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध होता. गेल्या महिन्यात एकदा ऊन फार लागलं म्हणून आत शिरले आणि लोकांच्या मागोमाग खाली उतरले. खाली कबर आहे. येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमा इथे पुरला गेला, अशी श्रद्धा आहे.

माझ्या पुढे एक बाई होती. कपाळावर कुंकू, ओल्या केसांत मोगरा, कडेवर तापाने मलूल झालेलं पोर. तिने पदराचं टोक कठड्याला हलकेच घासलं आणि ते पोराच्या कपाळावरून, मग दोन्ही डोळ्यांवरून फिरवलं. कोणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, म्हणजे हे तिथे रोजचंच असणार. मी मात्र घरी येईपर्यंत त्याच विचारात होते.

मग योहानाचं शुभवर्तमान मराठीत वाचून काढलं. थोमाबद्दल जगाला एकच गोष्ट ठाऊक आहे. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशू शिष्यांना दिसला तेव्हा हा नेमका तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितल्यावर म्हणाला, खिळ्यांचे वण पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. पण त्याच पुस्तकात तो आधीही दोनदा बोलतो आणि ते फारसं कोणी सांगत नाही. लाजर वारल्याचं कळल्यावर येशू यहूदीयात परत जायला निघतो. तिथे लोक त्याला दगडमार करायला टपलेले. शिष्य अडवतात. त्या वेळी थोमा सोबत्यांना म्हणतो, चला, आपणही याच्याबरोबर मरायला जाऊ. नंतर शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू म्हणतो, मी जातो तिथला मार्ग तुम्हाला ठाऊक आहे. सगळे गप्प. थोमा एकटा विचारतो, तुम्ही कुठे जाता हेच आम्हाला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार?

असा माणूस दोन हजार वर्षं ‘संशयी’ म्हणून ओळखला जावा, हे मला फार लागलं. बारा जणांत मला तोच सगळ्यात आपला वाटतो. त्याच्याबद्दल, त्याच्या भारतात येण्याबद्दल, तुमच्याकडे त्याला कसं मानतात त्याबद्दल ज्यांना ठाऊक आहे त्यांनी जरूर लिहा.

नगरी पाखरू | २० जून, रात्री ११:०५

किनाराताई, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या घरी तीन पिढ्या नगरच्या मंडळीतल्या. आजोबा पाळक होते, त्यामुळे हा उतारा लहानपणी पाठ होता. दोन गोष्टी सांगते.

पहिली नावाची. थोमा म्हणजे अरामी भाषेत ‘जुळा’. ग्रीकमध्ये त्यालाच दिदुम म्हटलं आहे, त्याचाही अर्थ जुळाच. म्हणजे आपण ज्याला नाव समजतो ते खरं तर घरातलं हाक मारायचं नाव. कोणाचा जुळा, ते शुभवर्तमानात कुठेच येत नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. येशूला भाला लागला ती जागा मराठी पवित्र शास्त्रात ‘कूस’ आहे. ‘तुझा हात माझ्या कुशीत घाल.’ कूस म्हणजे शरीराची बाजू हे खरं, पण आपण कूस बदलतो, आईच्या कुशीत शिरतो, बाईची कूस उजवते. आजोबा हे वाचताना ‘कुशीत’ या शब्दावर थांबायचे. ज्याने विश्वास ठेवला नाही त्याला प्रभू कुशीत हात घालायला सांगतो, मग याला रागावणं म्हणायचं का, असं विचारायचे.

आणि थोमाने खरोखर बोट घातलं, असं त्या अध्यायात कुठेही लिहिलेलं नाही. युरोपातल्या चित्रकारांनी जखमेत बोट घातलेला थोमा रंगवला आणि तोच लोकांच्या मनात बसला. मूळ मजकुरात येशू हात पुढे करतो आणि थोमा लगेच म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव!’ त्या पुस्तकात येशूला इतक्या थेट शब्दांत देव म्हणणारा शिष्य हाच.

वाडीतला वारा | २१ जून, सकाळी ७:१५

वसईहून लिहितोय. आमच्याकडे सांडोरचं देऊळ संत थॉमसचंच आहे. (होय, आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो.) ३ जुलैला त्याचा सण. माझी आजी आता नव्वदीला टेकली, पण ती अजून २१ डिसेंबरच धरून बसली आहे. १९६९ साली रोमने नवी दिनदर्शिका आणली तेव्हा सण डिसेंबरातून जुलैत गेला. आजी म्हणते, ‘वर्षातला सगळ्यात लहान दिवस त्याचा. उजेड सगळ्यांत कमी असतो त्या दिवशी त्याची आठवण काढायची.’ तिला कोणी शिकवलं ठाऊक नाही, पण मला ते फार पटतं. नाताळ चार दिवसांवर, घरात करंज्या-शंकरपाळ्यांचा घाणा चालू, आणि त्यातून उठून ती मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायची.

किनाराताई, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली. तिने विचारलंय, कबरीला हात लावू देतात का?

प्रश्नचिन्ह | २१ जून, सकाळी १०:३०

धागा आवडला. एक शंका आहे आणि ती मनापासून विचारतोय, कोणाला दुखवायचं नाही. थोमा खरंच भारतात आला होता याला पुरावा काय? पहिल्या शतकातला एखादा लेख, शिलालेख? की सगळं नंतरच्या लोकांनी सांगितलेलं?

ताम्रपट | २१ जून, दुपारी ३:५०

प्रश्नचिन्ह, प्रश्न रास्त आहे, आणि थोमाच्या धाग्यावर तो यायलाच हवा होता. जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात जुनं लिखाण म्हणजे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं ‘थोमाची कृत्ये’. सुरियानी (अरामीच्याच एका रूपातल्या) भाषेतलं, बहुधा एदेसा या गावी लिहिलेलं. एदेसा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा. थोमा गेल्यानंतर दीडशे वर्षांनी लिहिलेली ही कथा आहे, चमत्कारांनी भरलेली. तिचा आरंभ असा : जेरुसलेमात प्रेषित चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतात. थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान येतो. तो म्हणतो, मी इब्री माणूस, तिथे जाऊन काय बोलणार? मी जात नाही. त्याच वेळी गुंदफर राजाचा व्यापारी हब्बान कारागीर शोधत बाजारात आलेला असतो. येशू स्वतः त्याला भेटतो आणि थोमाला गुलाम म्हणून विकतो, रीतसर खरेदीखत करून. हब्बान थोमाला विचारतो, हा तुझा धनी का? थोमा म्हणतो, होय, हाच माझा प्रभू. हब्बान म्हणतो, मग मी तुला त्याच्याकडून विकत घेतलं आहे. थोमा गप्प होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जहाजावर चढतो. स्वतःच्या विक्रीची किंमत तेवढी तो बरोबर नेतो.

हा गुंदफर राजा शतकानुशतकं काल्पनिक समजला जात होता. ग्रीक-रोमन इतिहासात त्याचं नाव नाही. मग १८३०च्या दशकात चार्ल्स मॅसनने अफगाणिस्तानात काबूलच्या परिसरातून जुनी नाणी ढिगाने गोळा केली, आणि त्यांत गुंदफर नावाच्या राजाची नाणी निघाली. पुढे पेशावरच्या बाजूला तख्त-ए-बाही इथला शिलालेख मिळाला. त्यात गुंदफराच्या राज्याचं २६वं वर्ष आणि चालू संवताचं १०३ दिलं आहे. बहुतेक अभ्यासक ते इ.स. ४६च्या आसपास धरतात. म्हणजे राजा खरा, आणि काळही बरोबर थोमाचा.

त्या शिलालेखाच्या दगडाची एक हकीकत मला कधी विसरता येत नाही. तो सापडला तेव्हा मधली अक्षरं पार झिजलेली होती, कारण कित्येक वर्षं त्यावर मसाला वाटला जात होता. पाटा म्हणून वापरात होता तो. आज लाहोरच्या संग्रहालयात आहे. राजाचं नाव मिरच्या-धन्याखाली घासलं जात होतं आणि तरी वाचण्याइतकं उरलं.

आता खरं ते सांगायला हवं. राजा खरा ठरला म्हणून थोमा त्याच्याकडे गेला हे सिद्ध होत नाही. मात्र एदेसात बसून दीडशे वर्षांनी लिहिणाऱ्याला सिंधूकाठच्या, जग विसरलेल्या राजाचं नाव ठाऊक होतं. ते तिथवर कोणीतरी पोचवलं असणार. त्याहून जास्त मी म्हणणार नाही.

गुण्या-ओळंबा | २१ जून, रात्री ८:२०

मी बांधकामातला माणूस, वडील गवंडी होते. थोमाच्या हातात गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) दाखवतात हे कळलं तेव्हापासून या कथेच्या मागे आहे. युरोपात तो स्थपतींचा आणि बांधकाम करणाऱ्यांचा संत. ताम्रपट यांनी जिथे सोडलं तिथून पुढची गोष्ट सांगतो.

हब्बान विचारतो, तुला काय काय करता येतं? तो सांगतो, लाकडात नांगर, जू, वल्ही, डोलकाठ्या. दगडात खांब, देवळं, राजवाडे. (‘सगळं येतं’ म्हणणाऱ्यापेक्षा असं मोजून सांगणारा कारागीर मला जास्त विश्वासाचा वाटतो.) राजा त्याला जागेवर नेतो. झाडी आणि पाणी असलेली जागा आहे. थोमा म्हणतो, काम कार्तिकाच्या सुमारास सुरू करून चैत्रात संपवीन. राजाला नवल वाटतं, सगळे उन्हाळ्यात बांधतात आणि तू हिवाळ्यात? मग थोमा बोरू घेऊन जमिनीवर आखणी करतो. दारं पूर्वेला उजेडासाठी, खिडक्या पश्चिमेला वाऱ्यासाठी, भटारखाना दक्षिणेला, पाण्याचे नळ उत्तरेला. हे वाचलं आणि मला वडील दिसले. फक्कीची पुडी घेऊन, वाकून, एक एक खोली जमिनीवर ओढणारे.

राजा पैसे धाडत राहतो आणि थोमा ते गोरगरिबांना, आजाऱ्यांना वाटून टाकतो. राजा विचारतो, वाडा झाला का? थोमा कळवतो, झाला, छप्पर तेवढं राहिलंय. राजा छपराचेही पैसे पाठवतो! शेवटी येऊन बघतो तर मोकळं रान. थोमाला तुरुंगात टाकतात, जिवंत सोलून जाळायचं ठरतं. त्या रात्री राजाचा भाऊ गाद मरतो. वर गेल्यावर त्याला एक वाडा दिसतो, इतका देखणा की तळमजल्याची एक खोली मिळाली तरी चालेल असं त्याला होतं. देवदूत सांगतात, हा तुझ्या भावाचा आहे, त्या ख्रिस्ती माणसाने बांधलेला. गाद परत जिवंत होतो आणि भावाला म्हणतो, तो वाडा मला विक. तेव्हा कुठे राजाला कळतं.

लोक या गोष्टीत चमत्कार बघतात. माझं मन दरवेळी त्या आखणीपाशीच अडकतं. वाटायचेच होते पैसे, तर दारं-खिडक्या इतक्या नेमक्या का आखल्या? मला वाटतं, त्याने तो वाडा खरंच बांधला होता. नकाशाबरहुकूम.

चेन्नईचा विषय निघालाच आहे तर एक. विमानतळाजवळच्या ज्या टेकडीवर थोमाला भाला मारला अशी परंपरा आहे, त्या सेंट थॉमस माउंटजवळून विल्यम लॅम्बटनने १८०२ साली भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीची पहिली रेषा आखली. तोच लॅम्बटन मोजत मोजत वर आला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. मी जाऊन आलोय.

पाऊलखुणा | २१ जून, रात्री १०:०२

नकाशाबरहुकूम... काय सुंदर लिहिलंत दादा. वाचतेय, येऊ द्या.

कल्याणचा नस्राणी | २२ जून, सकाळी ९:००

नस्राणी म्हणजे केरळातले जुने ख्रिस्ती, आम्ही त्यांतले. माझं आडनाव मल्याळी, शाळा-कॉलेज कल्याणात, मराठी रस्त्यावर आणि वर्गात शिकलेलं. चुकलं तर सांगा.

आमच्या घरी तो थॉमसही नाही आणि थोमाही नाही. तो ‘मार तोम्मा’. मार म्हणजे सुरियानी भाषेत स्वामी. परंपरा अशी की इ.स. ५२ मध्ये तो मुझिरिसला, म्हणजे कोडुंगल्लूरच्या बाजूला उतरला. सात ठिकाणी मंडळ्या उभारल्या : कोडुंगल्लूर, पालयूर, कोट्टकावु, कोक्कमंगलम, निरणम, निलक्कल, कोल्लम. आणि आठवी ‘अरप्पळ्ळी’, तिरुविदांकोडला, आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यात. अर म्हणजे अर्धी. म्हणून आमच्यात साडेसात चर्च म्हणतात. मराठी मित्रांना साडेसात म्हटलं की वेगळंच आठवतं, पण आमच्याकडे हा आकडा अभिमानाचा. काही जण म्हणतात की मूळ शब्द ‘अरचन पळ्ळी’, म्हणजे राजाने दिलेलं चर्च.

३ जुलै हा आमचा दुक्राना. दुक्राना म्हणजे स्मरण. त्याचे अवशेष एदेसाला नेले त्याची ही तारीख मानतात. आणि ईस्टरनंतरचा पहिला रविवार, ‘पुतु ञायर’, नवा रविवार, तोही त्याचाच. कारण उघड आहे : पहिल्या रविवारी तो नव्हता, आठ दिवसांनी होता. त्या सुमाराला मलयाट्टूरच्या डोंगरावर लाखोंनी लोक चढतात. काही जण अख्खे लाकडी क्रूस खांद्यावर घेतात. मी बारावीनंतर वडिलांबरोबर गेलो होतो. आमचा क्रूस लहान होता, तरी अर्ध्या वाटेवर खांदा सोलवटून निघाला. अनवाणी, दगड तापलेले, आणि सगळीकडून एकच घोष : ‘पोन्निन् कुरिशु मुत्तप्पो, पोन्मल कयट्टम्!’ सोन्याच्या क्रुसाच्या आजोबा, ही सोन्याच्या डोंगराची चढण. मुत्तप्पन म्हणजे आजोबा. इतक्या मोठ्या संताला आम्ही आजोबा म्हणतो. वर पोचल्यावर क्रूस तिथेच ठेवून यायचा. वरती क्रुसांचे ढीग असतात, नवे, जुने, पावसाने काळे पडलेले.

किनाराताईंनी मार्गाचा प्रश्न लिहिला तो वाचून अंगावर काटा आला. कारण आमचे पूर्वज आपल्या धर्माला ‘तोम्माचा मार्ग’ म्हणत. शब्द तोच, मार्गम्. आमच्या जुन्या नाचाचं नावही मार्गम्कळी. बारा जण मध्ये समई ठेवून तिच्याभोवती फेर धरतात आणि थोमाची हकीकत गातात. बारा जण म्हणजे प्रेषित, समई म्हणजे ख्रिस्त. गुण्यादादांनी सांगितलेली वाड्याची गोष्टसुद्धा त्या गाण्यात येते. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात डोंबिवलीच्या हॉलमध्ये झाली होती मार्गम्कळी. मार्ग कुठला म्हणून विचारणाऱ्याच्याच नावाने पुढे मार्ग ओळखला गेला, हे मला तुमच्या पोस्टमुळे पहिल्यांदा दिसलं.

प्रश्नचिन्ह | २२ जून, दुपारी १२:४५

नस्राणीभाऊ, मलयाट्टूरचं वाचून खूप छान वाटलं. पण एक अडचण मांडतो. ताम्रपट यांची कथा वायव्येकडची, सिंधूकाठची. तुमची परंपरा केरळातली. दोन्हीत हजारो किलोमीटरचं अंतर. शिवाय पालयूरला त्याने नंबुद्री ब्राह्मणांना दीक्षा दिली असं म्हणतात, पण पहिल्या शतकात केरळात नंबुद्री होते हे इतिहासकारांना मान्य नाही. आणि चौथ्या शतकात सिरियाकडून आलेल्या क्नाय तोम्मा नावाच्या व्यापाऱ्याशी गल्लत झाली असेल, असंही वाचलंय.

ताम्रपट | २२ जून, सायंकाळी ६:१०

नंबुद्रींबद्दलचा आक्षेप योग्य आहे. घराण्यांच्या कथा काळाबरोबर वर सरकतात, सगळीकडेच. पण क्नाय तोम्माशी गल्लत झाली हे मला पटत नाही, कारण केरळी परंपरा दोघांनाही ओळखते आणि वेगळं ठेवते.

अंतराबद्दल म्हणाल तर त्या काळी केरळ हा आडबाजूचा मुलूख नव्हता. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातून जुलैत निघालेलं जहाज पावसाळी वाऱ्यावर थेट मुझिरिसला पोचायचं, मिरी भरायचं आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्यावर परतायचं. मुझिरिस जिथे असावं असं मानतात त्या पट्टणम इथे २००७ पासून उत्खनन झालं, त्यात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांची खापरं मिळाली. येणं अशक्य नव्हतं, इतकं नक्की.

हा वाद विद्वानांपुरता नाही. २७ सप्टेंबर २००६ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे एका प्रवचनात म्हणाले की थोमा सिरिया, पर्शिया करत पश्चिम भारतापर्यंत गेला आणि तिथून पुढे ख्रिस्ती धर्म दक्षिणेत पोचला. केरळात मोठी खळबळ उडाली. आमचा आजोबा आमच्याकडे आलाच नाही म्हणता का? नंतर प्रसिद्ध झालेल्या मजकुरात ते वाक्य बदललं गेलं.

कल्याणचा नस्राणी | २२ जून, रात्री ९:३३

तो सप्टेंबर आठवतो. घरी बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते.

प्रश्नचिन्ह, तुमचा राग नाही. मला एवढंच सांगायचंय की आमची परंपरा रोमने दिलेली नाही. पोर्तुगीज आले तेव्हा आम्ही होतोच, सुरियानीत प्रार्थना करत. १५९९ मध्ये उदयम्पेरूरच्या धर्मसभेत त्यांनी आमची पुस्तकं चुकीची ठरवून जाळली. १६५३ मध्ये मट्टांचेरीला आमच्या लोकांनी क्रुसाला दोर बांधून, तो दोर हातात धरून, जेजुइटांचं ऐकणार नाही अशी शपथ घेतली. सगळ्यांना क्रुसाला हात लावता येईना म्हणून दोर. पुढे आमच्या कितीतरी शाखा झाल्या, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, याकोबाई, मार तोमा. कोर्टात भांडतात एकमेकांशी. पण ३ जुलैला सगळ्यांचा आजोबा एकच.

उल्हासकाठ | २३ जून, सकाळी ८:४०

कल्याणचं नाव निघालं म्हणून. सहाव्या शतकात कोस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहून गेलाय की मलेमध्ये, म्हणजे मलबारात ख्रिस्ती आहेत, आणि कल्लियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. कल्लियाना म्हणजे बहुतेकांच्या मते आपलं कल्याण. १९८८ साली सिरो-मलबार चर्चने (केरळी नस्राण्यांच्या कॅथलिक शाखेने) कल्याणचा धर्मप्रांत उभा केला. नस्राणीभाऊ, तुमची मंडळी चौदाशे वर्षांनी परत आली म्हणायची.

आणि ठाणं. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. त्यांना खरं तर दक्षिणेत कोल्लमकडे जायचं होतं, पण जहाज ठाण्याला लागलं. तिथे तेव्हा सुरियानी परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, त्यांच्यात ते उतरले होते. म्हणजे ठाण्यात पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षं आधी ख्रिस्ती वस्ती. त्या चौघांतल्या एकाचं नाव होतं तोलेन्तिनोचा थॉमस. जॉर्डानस नावाच्या त्यांच्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. मी रोज लोकलने ठाण्यावरून जातो आणि त्या पंधरा घरांचा विचार करतो. ती कुठल्या गल्लीत असतील?

किनारा | २३ जून, रात्री १०:१५

एका पोस्टमधून इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

मैलापूरच्या गोष्टी सांगते. मयिल म्हणजे मोर. कपालीश्वराच्या देवळातली कथा अशी की पार्वतीने इथे लांडोर होऊन शिवाची पूजा केली. आणि तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो या किनाऱ्यावर आला तेव्हा त्याने इथली वेगळीच गोष्ट ऐकली. थोमा रानात प्रार्थना करत बसला होता, भोवती मोर. एका पारध्याने मोरावर बाण सोडला आणि तो थोमाच्या उजव्या कुशीत लागला. (नगरी पाखरू, कूस!) ‘कृत्यां’मध्ये मात्र मज्दाई राजाच्या हुकमाने चार शिपाई त्याला भाले मारतात. मोर इथले आहेत, इथल्याच लोकांनी दिलेले. एकाच गावाने आपला मोर दोघांनाही दिला.

मार्को पोलो आणखी लिहितो की इथे ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही यात्रेला येतात, आणि थोमा मेला तिथली लाल माती घेऊन जातात. ताप आलेल्या माणसाला ती पाण्यातून देतात. हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. सातशे वर्षांपूर्वीसुद्धा तापच होता. ती बाई, तिच्या कडेवरचं पोर...

एक अवघड गोष्टही लिहायला हवी. मैलापुरात असं सांगतात की कपालीश्वराचं मूळ देऊळ समुद्राकाठी होतं आणि पोर्तुगीजांच्या काळात ते गेलं. त्या दुःखाला मी खोटं म्हणणार नाही. पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये कबर उकरून वर चर्च बांधलं, आजची इमारत १८९६ची. त्यांनी इथे काय काय केलं त्याचा हिशोब थोमाच्या नावावर मांडू नये, एवढंच मला वाटतं. तो त्यांच्या कितीतरी आधीपासून इथे आहे.

१५४७ मध्ये माउंटवर पाया खणताना एक दगडी क्रूस मिळाला, कडेने पहलवी (जुन्या पर्शियन) अक्षरं कोरलेला. तो १८ डिसेंबरला घामेजतो, त्यातून रक्त येतं, असं १५५८ पासून १७०४ पर्यंत लोक सांगत आले. मी तो पाहिला. वेदीच्या मागे भिंतीत बसवलाय, खाली कमळाच्या पाकळ्या.

ताम्रपट | २४ जून, सकाळी ७:५०

तशाच पहलवी अक्षरांचा एक क्रूस २००१ साली गोव्यात आगशीला सापडला. म्हणजे कोकणपट्टीलाही ही माणसं परकी नव्हती.

अवशेषांचा प्रवासही नोंदवून ठेवतो. ३७३ साली वारलेला एदेसाचा कवी एफ्रेम याच्या एका स्तोत्रात सैतान विलाप करतो की ज्या प्रेषिताला मी हिंदुस्थानात मारलं तो माझ्याआधी एदेसात येऊन बसला. हाडं तिथे एका व्यापाऱ्याने आणली असं एफ्रेम म्हणतो. ११४४ मध्ये एदेसा पडलं. पुढे अवशेष खिऑस बेटावर दिसतात, आणि १२५८ मध्ये तिथून इटलीतल्या ओर्तोना गावच्या खलाशांनी ते उचलून नेले. १९५३ साली ओर्तोनाहून हाताचं एक हाड कोडुंगल्लूरजवळ अळिक्कोडला परत आलं.

नगरी पाखरू | २४ जून, सकाळी ११:२०

हाताचं हाड. इतक्या हाडांतून हातच यावा.

फोर्टातली पायपीट | २५ जून, दुपारी २:३०

मुंबईची थोडी भर. चर्चगेट हे नाव ज्या चर्चवरून आलं ते फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल. कोटाच्या ज्या दरवाजातून तिथे जायचं तो चर्चगेट. चर्च १७१८च्या नाताळात उघडलं, आणि मुंबईतले जुने मैलाचे दगड त्याच्यापासून मोजलेले. रोज लाखो माणसं थोमाच्या दाराचं नाव घेऊन उतरतात.

आणि माझ्याकडे वडिलांच्या संग्रहातलं एक तिकीट आहे, २ डिसेंबर १९६४चं, पंधरा पैशांचं. त्यावर ओर्तोनाच्या पुतळ्यावरून घेतलेला संत थॉमस. त्याच दिवशी पोप सहावे पॉल मुंबईत उतरले होते. वडील तेव्हा अकरा वर्षांचे, आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी गर्दी पाहिली होती.

किनारा | ३ जुलै, रात्री ८:५५

आज सण. सकाळी सहाला गेले. तमिळ मिस्सा चालू होती, बाहेर चपलांचा खच. वाडीतला वारा, आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. प्रत्यक्ष कबरीला हात पोचत नाही, पण कठड्याला लावता येतो. आज रांगेत सगळेच लावत होते. मीही लावला. आजीसाठी वेगळा, दुसऱ्यांदा लावला. दगड गार होता आणि हातांच्या घामाने, तेलाने गुळगुळीत झालेला. फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवलेत.

वाडीतला वारा | ४ जुलै, सकाळी ६:५०

ताई, मिळाले. आजी चष्मा शोधत होती, तेवढ्यात मी फोन तिच्या हातात दिला. तिने कठड्याच्या फोटोवर बोट ठेवलं तर तो सरकून पुढचा आला. ‘पळाला,’ म्हणाली, आणि मला मागे आणायला लावला. चार-पाच वेळा असंच झालं. मग मी फोन दोन्ही हातांनी धरून बसलो आणि तिने नुसता काचेवर पंजा टेकवला.

विचारत होती, २१ डिसेंबरला तिथे मिस्सा किती वाजता असते.